रस्ता कुणाचा, फूटपाथ कुणाचा? बेळगाव आणि उपनगरांतल्या रहदारीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अनगोळ, वडगाव, हिंडलगा, गणेशपूर, पिरनवाडी, मच्छे... गाव बदलतं, प्रश्न तेच राहतात. लग्नात जेवणाच्या पंगतीत विचारतात, रेल्वे गेटवर स्कूटर बंद करून थांबलेले असताना विचारतात. म्हणून एकदा सगळे लिहून काढले. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसऱ्यात परत सांगितलेली नाही, प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. आमच्या दारासमोरचा रस्ता नेमका कुणाच्या ताब्यात आहे, हे कसं ओळखायचं?

हा प्रश्न पहिला ठेवण्याचं कारण असं की आपल्याकडच्या निम्म्या तक्रारी इथेच मरतात. महापालिकेत गेलं की "हा पीडब्ल्यूडीचा", पीडब्ल्यूडीत गेलं की "हा हायवेचा", हायवेवाले म्हणतात "शहरातला तुकडा आता आमच्याकडे नाही". माणूस चौथ्या खेपेला कंटाळतो.

ढोबळ हिशोब असा. महापालिकेचे ५८ वॉर्ड आहेत, त्यांतले गल्लीबोळ आणि बहुतेक आतले रस्ते महापालिकेचे. हिंडलगा, कंग्राळी, बेनकनहळ्ळी इथे घरं शहरासारखीच दाट झाली तरी कारभार ग्रामपंचायतीचा, म्हणजे गाठ पीडीओशी (पंचायत विकास अधिकाऱ्याशी). मच्छे आणि पिरनवाडीला नगर पंचायत आहे. कॅम्पात शिरलात की कॅन्टोन्मेंट बोर्ड. ते २००६ च्या कॅन्टोन्मेंट कायद्यानुसार चालतं आणि संरक्षण खात्याच्या अखत्यारीत येतं, त्यामुळे तुमच्या नगरसेवकाचा शब्द तिथे चालत नाही. रुळाच्या दोन्ही बाजूंची पट्टी रेल्वेची. बुडाने (बेळगाव नगरविकास प्राधिकरणाने) पाडलेल्या लेआउटमधले रस्ते महापालिकेकडे सोपवेपर्यंत बुडाचे.

मोठ्या रस्त्यावर असाल तर किलोमीटरचा दगड बघा. माथा पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्य मार्ग, केशरी असेल तर ग्रामीण रस्ता. दगड रस्ता रुंद करताना काढून टाकला असेल (बहुधा असतोच), तर प्रश्न १३ मधला मार्ग धरा.

एक चूक सगळे करतात: दिव्याचा खांब महापालिकेचा दिसला की रस्ताही तिचाच धरतात. पीडब्ल्यूडीच्या रस्त्यावरही दिवे महापालिकेचे असू शकतात.

२. आमचा प्लॉट बॉण्ड पेपरवर (रीतसर खरेदीखत न करता, स्टॅम्प पेपरवरच्या करारावर) घेतलेला आहे. आमच्या रस्त्याचं काय?

तो रस्ता कागदावर रस्ताच नसण्याची शक्यता मोठी आहे. मंजूर लेआउटमध्ये विकासक रस्ते आणि बगिच्याची जागा लिहून देतो, मग ती सार्वजनिक होते. शेतजमिनीचे तुकडे पाडून विकलेल्या वसाहतीत हे झालेलंच नसतं. तिथे फूटपाथ मागण्याआधी रस्त्याची जागा नोंदवून घेण्यासाठी सगळ्या प्लॉटधारकांनी एकत्र यावं लागतं. एकट्याने अर्ज करून काही होत नाही, आणि शेजाऱ्याशी भांडण मात्र होतं.

३. फूटपाथ किती रुंद असायला हवा?

इंडियन रोड्स काँग्रेसचं पादचाऱ्यांसाठीचं मार्गदर्शक आहे, आयआरसी:१०३. त्याप्रमाणे राहत्या वस्तीत चालायला मोकळी जागा किमान १.८ मीटर, दुकानांच्या रस्त्यावर किमान २.५ मीटर. "मोकळी" या शब्दावर बोट ठेवा. मधे खांब, डीपी, झाडाचा कट्टा, पाटी असेल तर ती जागा वजा करायची. उंची रस्त्यापासून १५ सेंटिमीटरपेक्षा जास्त नको, आणि डोक्यावर २.२ मीटर मोकळं हवं. दुकानांच्या पत्र्यांना कपाळ आपटून घेतलेल्यांना हा शेवटचा आकडा विशेष आवडतो.

१.८ मीटर का? व्हीलचेअर आणि समोरून येणारा माणूस एकमेकांना ओलांडू शकतील म्हणून. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदाही सार्वजनिक जागा सुगम करण्याचं बंधन घालतो. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वापरण्याजोगा फूटपाथ मिळणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचं सांगितलं आहे. अर्जात हे एक वाक्य जरूर घाला.

स्मार्ट सिटीच्या पहिल्या २० शहरांत २०१६ साली बेळगावचं नाव आलं. त्यानंतर मंडोळी रोडसारखे काही रस्ते फूटपाथसह नव्याने झाले. असा रस्ता संपतो तिथून पुढे पन्नास पावलं चाला, म्हणजे काय मागायचं ते समजेल.

४. आमच्याकडे फूटपाथ म्हणजे गटारीवरची फरशी. तिला फूटपाथ म्हणायचं का?

म्हणावं लागतं, कारण जुन्या पेठांत दुसरी जागाच नाही. शहापूर, रविवार पेठ, खडेबाजार हे रस्ते मोटारी येण्याआधीचे आहेत. फरशीला माझी हरकत नाही, हरकत आहे ती फरशी सरळ नसण्याला. गटार साफ करायला फरशी उचलतात, परत ठेवताना तिरकी ठेवतात, आणि पहिल्या मोठ्या पावसात एखादी म्हातारी गुडघ्यापर्यंत आत जाते. म्हणून मागणी "फूटपाथ करा" अशी नको. "गटारीच्या फरश्या एका पातळीत बसवा, सांधे भरा, साफसफाईसाठी ठरावीक अंतरावर उचलता येणारं झाकण ठेवा" अशी लिहा. हे काम छोटं आहे, वॉर्डाच्या देखभाल खर्चात बसतं, आणि म्हणूनच होतं.

५. फूटपाथवर दुचाकी लावतात, दुकानाच्या पायऱ्या पुढे येतात. कुणाला सांगायचं?

हलणारी वस्तू पोलिसांकडे, न हलणारी महापालिकेकडे. दुचाकी, मोटार, मालाचा टेंपो यासाठी ट्रॅफिक पोलीस. पायऱ्या, रॅम्प, पत्र्याचं शेड, लोखंडी पाटी यासाठी महापालिका. जनरेटर मधेच कुठेतरी पडतो, त्यासाठी दोघांनाही लिहा.

फोटो काढताना दुकानाचं नाव टिपण्यापेक्षा टेप धरून उरलेली रुंदी दाखवा. "फूटपाथ २ मीटर, पायऱ्या १ मीटर ३० सेंटिमीटर, उरली ७० सेंटिमीटर" हे वाक्य कुणाला खोडता येत नाही. आणि आधी स्वतःच्या घराचा रॅम्प मोजा. आमच्या गटातल्या दोघांनी हे न करता अर्ज दिला होता, पुढचं सांगायला नको.

६. भाजीवाल्या मावशी फूटपाथवर बसतात. त्यांनाही अतिक्रमणच म्हणायचं ना?

पायऱ्यांचा आणि मावशींचा कायदा एक नाही. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याप्रमाणे आधी सर्वेक्षण, मग प्रमाणपत्र, मग जागा ठरवणं असा क्रम आहे, आणि सर्वेक्षण पूर्ण होईपर्यंत कुणाला उठवता येत नाही. हलवायचंच झालं तर ३० दिवसांची नोटीस लागते. शहर विक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांतून निवडलेले हवेत आणि त्यांत एक तृतीयांश बायका.

येळ्ळूर, बस्तवाड, कडोलीहून पहाटे पाटी घेऊन येणारी बाई तीन तासांत माल विकून परत जाते. पदपथाची रुंदी खाणाऱ्यांत तिचा क्रमांक बराच खाली आहे, हे माझं मत. बसायची पट्टी आखून द्या आणि बाकीची चालायला मोकळी ठेवा, एवढं मागितलं तर दोन्ही बाजूंचं भागतं.

७. गाड्या सुसाट जातात. आम्हीच सिमेंटचा स्पीड ब्रेकर घातला तर?

घालू नका. गल्लीतल्या पोरांनी रात्रीत घातलेल्या उंचवट्यावर कुणी पडून दगावलं तर जबाबदारी घालणाऱ्यांवर येते. शिवाय तो बहुधा इतका अरुंद आणि उंच असतो की रिक्षातल्या गरोदर बाईचे हाल होतात आणि मोटारसायकलवाला कडेने निघून जातो.

आयआरसी:९९ मधला गोलसर ब्रेकर ३.७ मीटर रुंद आणि मधोमध फक्त १० सेंटिमीटर उंच असतो. तो ताशी २५ किलोमीटर वेगासाठी आखलेला आहे. वर रंगाचे पट्टे आणि आधी सूचनाफलक हवाच. अर्ज रस्त्याच्या मालकाकडे (प्रश्न १) आणि एक प्रत ट्रॅफिक पोलिसांना. शाळा, दवाखाना, अंगणवाडी जवळ असेल तर ते ठळक लिहा.

अपवाद राष्ट्रीय महामार्गाचा. खानापूर रोडवरचे लोक नेहमी विचारतात म्हणून सांगतो: राष्ट्रीय महामार्गावर स्पीड ब्रेकर घालत नाहीत. तिथे खडखड पट्ट्या, झेब्रा, सिग्नल, रस्त्याच्या मधे थांबायची जागा असं काहीतरी मागा.

८. सिग्नलला चालणाऱ्यांसाठी वेळच पुरत नाही. ती कशी ठरते?

माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो असं धरून. १२ मीटर रुंद रस्त्याला १० सेकंद. काठी टेकत चालणाऱ्या आजोबांना तेवढ्यात अर्धाच रस्ता जमतो. घड्याळ लावून चार वेगवेगळ्या माणसांना रस्ता ओलांडायला किती वेळ लागतो ते लिहा आणि तो कागद अर्जाला जोडा.

९. वन-वे आणि पार्किंग कोण ठरवतं? आमच्या गल्लीचा वन-वे परस्पर केला.

मोटार वाहन कायद्याचं कलम ११५ वाहनांना बंदी-निर्बंध घालण्याबद्दल आहे, कलम ११७ पार्किंगच्या जागांबद्दल. बेळगाव शहराला पोलीस आयुक्तालय आहे, अधिसूचना तिथून निघते आणि जागेची बाजू महापालिका बघते. पाटी आहे पण अधिसूचना नाही, असं होऊ शकतं, तेव्हा आधी अधिसूचनेची प्रत मागा. सणासुदीचे तात्पुरते बदल वेगळे. गणपती विसर्जनाला कपिलेश्वर तलावाकडचे रस्ते आणि शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीचा मार्ग वाहनांना बंद राहणारच, त्यावर अर्ज लिहून कागद वाया घालवू नये.

१०. आमच्या रेल्वे गेटवर पूल का होत नाही?

टिळकवाडीत पहिलं गेट, दुसरं गेट, तिसरं गेट हे पत्त्याचेच भाग झाले आहेत. कपिलेश्वर, गोगटे सर्कल आणि तिसरं गेट इथे पूल झाले. बाकीच्या गेटांवरचे लोक विचारतात, आमचं काय?

रेल्वेचं एक माप आहे, टीव्हीयू. चोवीस तासांत जाणाऱ्या रेल्वेगाड्या गुणिले रस्त्यावरची वाहनं. हा गुणाकार १ लाखाच्या वर गेला की पुलाचा खर्च रेल्वे आणि राज्य सरकारने वाटून घ्यायच्या प्रस्तावाला बळ येतं. मेख वाहनं मोजण्यात आहे. मोटार, ट्रक, बस म्हणजे एक. बैलगाडीसुद्धा एक. रिक्षा अर्धी. आणि स्कूटर-मोटारसायकल पाव. म्हणजे चार स्कूटर मिळून एक बैलगाडी!

समजा गेटवरून दिवसाला ४० रेल्वेगाड्या जातात. १ लाख गाठायला २,५०० वाहन-एकक लागतील. सगळ्या दुचाकी धरल्या तर १०,०००. बेळगाव हे दुचाकीवाल्यांचं गाव. गेट उघडल्यावर दोन्हीकडून सुटणारा लोंढा बघणाऱ्याला वाटतं आकडा कधीच पार झाला असेल, कागदावर मात्र तो तोकडा भरतो. चालणारे तर मोजणीत धरतच नाहीत. म्हणून पुलासाठी निवेदन देताना शेवटची मोजणी कधी झाली ते विचारा, आणि ती शाळा-कॉलेज चालू असतानाच्या दिवशी नव्याने करा अशी मागणी करा. मे महिन्यातल्या मोजणीला अर्थ नाही.

११. पूल झाला, पण चालत जाणाऱ्याला केवढा वळसा पडतो. रूळ ओलांडले तर?

रेल्वे कायद्याच्या कलम १४७ प्रमाणे विनापरवाना रेल्वेच्या हद्दीत शिरल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, लोंढा-मिरज मार्गाच्या दुहेरीकरणानंतर एक गाडी गेली की मोकळं ही जुनी सवय घातक झाली आहे. दुसऱ्या रुळावरून दुसरी येते.

तक्रार मात्र रास्त आहे. पूल मोटारींच्या चढाचा विचार करून बांधतात, तीस फुटांवरच्या किराणा दुकानात जाणाऱ्याला तो अर्धा किलोमीटर पडतो. पुलाच्या आराखड्यातच जिना, उतरता मार्ग किंवा पादचारी भुयार मागायला हवं. मागून जोडून घेणं फार कठीण. आणि भुयार मागितलंत तर पाणी उपसायची सोय त्याच कागदात मागा, नाहीतर जून ते सप्टेंबर ते तळंच असतं.

१२. रुंदीकरणात आमची जागा जाते. पैसे मिळतात का?

रीतसर भूसंपादन झालं तर भरपाई मिळते. दुसरा मार्ग टीडीआरचा, म्हणजे सोडलेल्या जागेच्या बदल्यात बांधकामाचा हक्क. कर्नाटक नगर व ग्राम नियोजन कायदा, १९६१ मध्ये तशी तरतूद आहे. हा हक्क स्वतः वापरता येतो किंवा विकता येतो, पण घेणारा कोण आणि कुठे हे आधी बघून घ्या. तोंडी आश्वासनावर भिंत पाडून देऊ नका. शहापूरला बँक ऑफ इंडिया ते जुना पी. बी. रोड हा रस्ता रुंद होऊन वाहतूक सुरू झाली आणि मग जागेचं प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. घाईत केलेला रस्ता कसा महाग पडतो ते सगळ्या शहराने बघितलं.

बुडाचा मास्टर प्लॅन प्रसिद्ध झाला की हरकतींसाठी ६० दिवस मिळतात. रस्ता किती फुटांचा होणार हे तिथेच ठरतं. मार्किंग करायला माणसं आल्यावर धावपळ करण्यापेक्षा ते ६० दिवस वापरा.

१३. कुणीच उत्तर देत नाही. माहिती अधिकारात काय विचारायचं?

शुल्क १० रुपये, उत्तर ३० दिवसांत. कर्नाटकातला खास नियम: अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत. चार रस्त्यांची रामकथा लिहिली की अर्ज परत येतो. "का केलं नाही" असं विचारू नका, कागद मागा: रस्त्याची नोंदवहीतली नोंद, कामाचा आदेश, मोजमाप पुस्तिकेची प्रत, ठेकेदाराची देखभालीची मुदत. रस्ता त्या कार्यालयाचा नसेल तर त्यांनी अर्ज योग्य कार्यालयाकडे पाच दिवसांत पाठवायचा असतो. प्रश्न १ चं उत्तर असं आयतं, शिक्क्यासह मिळतं.

१४. महिन्यापूर्वी केलेला रस्ता पाण्याच्या पाइपसाठी पुन्हा खोदला. कुणाला पकडायचं?

खोदणाऱ्याने रस्त्याच्या मालकाकडून परवानगी घ्यायची आणि पूर्ववत करण्याचे पैसे भरायचे असतात. परवानगीची प्रत मागा (प्रश्न १३). देखभालीच्या मुदतीतला रस्ता असेल तर ठेकेदारही अडकतो. रस्त्याच्या आखणी-बांधणीत ठरलेले निकष न पाळल्याने मृत्यू किंवा अपंगत्व आलं तर मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १९८अ खाली १ लाख रुपयांपर्यंत दंड आहे.

१५. मराठीत निवेदन दिलं तर घेतात का?

घ्यायला हवं. घटनेचं कलम ३५० सांगतं की गाऱ्हाणं मांडण्याचं निवेदन केंद्रात किंवा त्या राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत देता येतं. "कानडीत आणा" म्हणून परत पाठवलं तर हे कलम नमूद करून पोस्टाने रजिस्टर पाठवा.

आता व्यवहाराचं. हक्क आहे म्हणून मराठी प्रत द्या, काम लवकर व्हावं म्हणून कानडी प्रत जोडा. फाइल पुढे ज्या टेबलावर जाते तिथल्या माणसाला मराठी येतंच असं नाही. यात कुणाचा स्वाभिमान जात नाही, गटार मात्र दुरुस्त होते. आणि कानडी बोलणारे शेजारी सह्यांत घ्या. फुटलेल्या फरशीत त्यांचाही पाय जातो.

१६. आमच्या वसाहतीत बस येत नाही. कशी मागायची?

शहर बस वायव्य कर्नाटक परिवहन महामंडळाची, मुख्यालय हुबळीला, पण मार्गांची मागणी बेळगावच्या विभागीय नियंत्रकांकडे करायची. "बस सोडा" एवढंच लिहू नका. किती वाजता किती माणसं कुठे जातात ते लिहा. उद्यमबागला पहिल्या पाळीला जाणारे, कॉलेजची पोरं, सिव्हिलला जाणारे पेशंट. वळायला जागा कुठे आहे ते दाखवा, बहुतेक मार्ग तिथेच अडतात. सध्या लोक वडाप आणि टमटमने जात असतील तर तेही लिहा, कारण मागणी आहे याचा तोच पुरावा.

खानापूर, देसूर, सांबरे, सुळेभावीकडच्यांनी रेल्वेचं वेळापत्रकही बघावं. वेळ जुळली तर पॅसेंजर बसपेक्षा स्वस्त पडते.

१७. बायकांना बस फुकट आहे ना? मग कोल्हापूरच्या गाडीत तिकीट का काढायला लावलं?

शक्ती योजना ११ जून २०२३ पासून आहे. कर्नाटकात राहणाऱ्या महिलांना राज्याच्या साध्या बसमध्ये, राज्याच्या हद्दीत. ओळखपत्रावर कर्नाटकचा पत्ता लागतो आणि शून्य रकमेचं तिकीट घ्यावंच लागतं. एसी, स्लीपर आणि आंतरराज्य गाड्यांना ती लागू नाही. निपाणीला जायचं तर कोल्हापूर गाडीत न चढता निपाणीचीच साधी गाडी धरा.

महाराष्ट्र एसटीत मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट आहे, पण ते महाराष्ट्राच्या हद्दीपुरतं. बेळगावात एसटीत बसलात तर सीमेपर्यंत पूर्ण, पुढे अर्धं. चंदगडची सून माहेरी बेळगावला आली आणि आधारवर पत्ता चंदगडचा असेल, तर शहर बसमध्ये तिला तिकीट पडतं. शेजारी बसलेल्या आईला पडत नाही.

सीमाप्रश्न तापला की सगळ्यात आधी या आंतरराज्य गाड्याच थांबतात. दवाखान्याची तारीख असेल तर त्या दिवसांत रेल्वेचा विचार ठेवा.

१८. बायपास झाला की शहरातली कोंडी सुटेल का?

काही अंशी. गोव्याकडे जाणारे अवजड ट्रक बाहेरून गेले तर फरक पडेलच. पण गोवावेस ते आरपीडी कॉर्नर संध्याकाळी तुंबतं ते ट्रकांमुळे नाही, आपल्यामुळे: एकेक माणूस, एकेक गाडी. हलगा-मच्छे बायपासला शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षं विरोध केला, कोर्टात गेले, कारण जाणारी जमीन सुपीक होती. त्यांच्या शेताची किंमत देऊन आपण आपली पार्किंगची सवय सांभाळणार असू, तर तो हिशोब निदान उघड मांडावा.

१९. आमची गल्ली अर्धी महापालिकेत, अर्धी ग्रामपंचायतीत. गटार कुणी साफ करायची?

शहराच्या कडेला राहणाऱ्यांचा हा कायमचा प्रश्न. दोघांना वेगवेगळे अर्ज देऊ नका, दोघेही दुसऱ्याचं नाव सांगतात. एकच अर्ज, दोघांच्या नावाने, प्रत जिल्हाधिकाऱ्यांना, मागणी "संयुक्त पाहणी". पाहणीला दोन्हीकडचे इंजिनिअर एकाच वेळी हजर असले पाहिजेत आणि तिथेच पंचनामा लिहून सह्या घ्यायच्या. ग्रामपंचायतीच्या बाजूने ग्रामसभेत विषय नोंदवून घ्या, सहा महिन्यांतून एकदा तरी ती व्हावीच लागते.

आमच्याकडे अशी पाहणी झाली. दोन्हीकडची माणसं आली, नकाशा पसरला, टेप धरला, आणि हद्द एका घराच्या अंगणातल्या तुळशी वृंदावनातून जाते असं निघालं. घरच्या काकूंनी दोन्ही पार्ट्यांना चहा दिला. पुढच्या आठवड्यात गटार साफ झाली. कुणी केली, ते अजून कुणी कबूल केलेलं नाही.